शंभर ग्रॅमचा हिशेब

हौशी धावपटूने शर्यतीसाठी खास बनवलेले हलके बूट घ्यावेत का, हा विषय शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मांडावा की नाही, याविषयी आम्हा सहाजणांत बराच खल झाला. स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गुरुजनांविषयी कृतज्ञता असावी, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, हे आम्हांस मान्य आहे. आणि तसे लेख या अंकात अन्यत्र असतीलच. परंतु गेले वर्षभर आमच्या बैठकांत जो प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला तो बुटांचा आहे, आणि तो याच शाळेच्या मैदानावरून निघालेला आहे. म्हणून तो येथेच मांडणे आम्हांस उचित वाटते.

आम्ही १९९४ साली येथून दहावी झालेल्या तुकडीतील चौघे आणि दोघी. कोणी एसटीच्या आगारात आहे, कोणी बँकेत, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, एक जण कारखान्यात पाळीवर, एक परिचारिका आणि एक शेती सांभाळून दुकान चालवणारी. चाळिशी उलटल्यावर साखर आणि रक्तदाब यांच्या धाकाने आम्ही चालू लागलो. चालण्याचे धावणे केव्हा झाले ते कळलेही नाही. आता वर्षातून दोन-तीन अर्धमॅरेथॉन आम्ही एकत्र धावतो. २१ किलोमीटरचे ते अंतर कापण्यास आम्हांस साधारण सव्वादोन तास लागतात. बक्षीस-समारंभाचा मंडप उतरवण्याचे काम सुरू झाले की आम्ही पोहोचतो, असे आमच्या घरची मंडळी म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवला. त्यातील १,२०,००० रुपये शाळेच्या धावपटूंसाठी राखावेत आणि त्यांचा विनियोग आम्ही ठरवावा, असे ठरले. पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली आज ३८ आहेत. शर्यतीचे नावाजलेले हलके बूट वीस हजार रुपयांच्या घरात मिळतात. म्हणजे या रकमेत सहा जोड येतात. सरावाचे साधे, बऱ्यापैकी बूट अडीच हजारांत मिळतात. तेवढ्यात सर्वांचे पाय झाकतात आणि थोडी रक्कम उरते. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे पडले की, गुणवंत सहा निवडा आणि त्यांना उत्तम साधन द्या. निम्म्या साधनाने कोणी शिखर गाठत नाही. एकाचे म्हणणे याच्या अगदी उलट होते: मुलांना बूटच नकोत, अनवाणी धावू द्यात, तेच निसर्गाला धरून आहे. उरलेले तिघे दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. मग आम्ही ठरवले की मते बाजूला ठेवून आधी विषय समजून घ्यावा.

पहिली गोष्ट वजनाची. कमरेला बांधलेले शंभर ग्रॅम आणि पायात घातलेले शंभर ग्रॅम यांत मोठा फरक आहे. कंबर जवळजवळ एकाच गतीने पुढे जात असते. पाऊल मात्र प्रत्येक ढांगेला थांबते, उचलले जाते, झोक्यासारखे पुढे फेकले जाते आणि पुन्हा थांबते. सव्वादोन तासांच्या धावेत प्रत्येक पाऊल अकरा हजार वेळांच्या आसपास या फेऱ्यातून जाते. बुटाचे वजन प्रत्येक पायाला शंभर ग्रॅमने वाढले, तर धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, असे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर मोठा गमतीचा आहे. धावपटूंना कळू नये अशा रीतीने त्यांनी बुटांच्या जिभेत शिशाच्या गोळ्या लपवल्या आणि त्यांना तीन हजार मीटर पूर्ण वेगाने धावायला लावले. शंभर ग्रॅममागे वेळ सरासरी ०.७८ टक्क्यांनी वाढला. कल्पनेचा खेळ नव्हे, वजन खरोखरच पायांना कळते, हे त्यावरून सिद्ध झाले.

हा नियम आम्ही आमच्या सव्वादोन तासांना लावून पाहिला. तीनशे ग्रॅमचा बूट सोडून दोनशे ग्रॅमचा घातला, तर हिशेबाने एक मिनिट आणि तीन सेकंद वाचतात. आता आमच्यासारख्या सत्तर किलोच्या गृहस्थाने शरीराचे एक किलो वजन उतरवले, तरी वाहून न्यायचा भार दीड टक्क्याच्या आसपास कमी होतो. ते एक किलो उतरवण्यास पैसे लागत नाहीत, रात्रीच्या पंगतीतील दुसरी वाढ नाकारावी लागते. आणि पंगतीत आग्रह करणारी माणसे पाहता वीस हजार रुपये खर्चणे त्याहून सोपे आहे, हेही मान्य करावे लागेल.

दुसरी गोष्ट मात्र वजनाच्या पलीकडची आहे. बूट जितका हलका तितका उत्तम, असे असते तर अनवाणी पाय सर्वोत्तम ठरला असता. त्याच विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनवाणी धावण्याची सवय असलेल्या बारा जणांना तपासले. पायाला बुटाइतकेच वजन बांधून अनवाणी धावणाऱ्यांपेक्षा हलके बूट घालून धावणाऱ्यांना तीन ते चार टक्के कमी ऊर्जा लागली. कारण असे की तळव्याखाली मऊ थर नसला, तर प्रत्येक पावलाचा धक्का स्नायूंना झेलावा लागतो, आणि झेलण्यालाही अन्न जाळावे लागते. म्हणजे बुटाचे वजन ही किंमत आहे आणि मऊपणा हा मोबदला आहे. पूर्वीचे शर्यतीचे बूट वजन वाचवण्यासाठी तळवा कागदासारखा पातळ करत. त्यात एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाई.

गेल्या दशकात हा व्यवहार पालटला. २०१७ साली नायकी कंपनीने ‘व्हेपरफ्लाय’ नावाचा बूट बाजारात आणला. त्याचा तळवा जाड, पण अतिशय हलक्या आणि लवचीक फोमचा. त्यात कार्बन-तंतूंची एक ताठ पट्टी. दाबला गेलेला हा फोम मिळालेली बरीच ऊर्जा परत देतो. अठरा वेगवान धावपटूंवरील अभ्यासात ऊर्जेची सरासरी चार टक्के बचत दिसली. त्या अभ्यासाला त्याच कंपनीचे आर्थिक साहाय्य होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण पुढील घडामोडींनी त्या बुटाचा परिणाम खरा असल्याचेच दाखवले. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला २०२० साली नियम करावा लागला की रस्त्यावरील शर्यतीत तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि आत एकाहून अधिक ताठ पट्टी नसावी. ज्याचा उपयोग होत नाही, त्यावर कोणी मर्यादा घालत नाही. २०२३ मध्ये इथिओपियाच्या तिगस्त असेफा यांनी बर्लिन मॅरेथॉन २ तास ११ मिनिटे ५३ सेकंदांत धावून महिलांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्यांच्या पायात अवघ्या १३८ ग्रॅमचे बूट होते.

येथवर वाचून आमचे गुणवंत-सहा पक्षाचे मित्र हर्षभरित झाले. परंतु ते अठरा धावपटू ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावत होते. आम्ही ताशी साडेनऊच्या आसपास धावतो. कमी वेगाला काय होते, हे पाहणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ताशी बारा किलोमीटर वेगाला सरासरी बचत १.४ टक्के, आणि ताशी दहा किलोमीटरला ०.९ टक्के. तीही सर्वांना सारखी नाही. त्या वेगाला काहींना फायदा झाला, काहींना उलट अधिक ऊर्जा लागली. जो पाऊल जोराने आपटत नाही, त्याचा फोम पुरता दाबला जात नाही. आणि जो दाबला जात नाही, तो उसळणार तरी कसा? बूट आपल्याला मिळालेले परत देतो. स्वतःजवळचे काही घालत नाही.

आम्ही स्वतःही थोडे पाहिले. आमच्यातील बँकेतल्या मित्राने असा एक जोड घेतला. आम्हा तिघांच्या पायाचा नंबर एकच असल्याने तो आम्ही आळीपाळीने घातला. सपाट रस्त्यावर टाचेखाली कोणी हळूच हात लावून उचलते आहे, असे पहिल्या दिवशी वाटले. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात, चढावर, तो हात नाहीसा झाला. उतारावर उंच तळव्यामुळे घोटा डळमळू लागला. दुसऱ्या दिवशी मांड्या नेहमीपेक्षा कमी ठणकत होत्या, हे तिघांनीही सांगितले. घड्याळातील फरक मात्र आदल्या रात्रीची झोप, सकाळचे दमट हवामान आणि पाण्याच्या टेबलापाशी मारलेल्या गप्पा यांत पार विरघळून गेला. तिघांच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. पण आमच्या वेगाला मिळणारा लाभ इतका लहान आहे की तो दिसण्यासाठी आयुष्यातील बाकी सर्व गोष्टी स्थिर धराव्या लागतील, एवढे आम्हांस उमगले.

आता अनवाणी पक्षाकडे वळू. या पक्षाजवळ दोन मोठी नावे आहेत. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. आपल्याकडे बिहारमधील बक्सरचे सैनिक शिवनाथ सिंह पायांना केवळ चिकटपट्टी लावून धावत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ कित्येक दशके कोणा भारतीयाला मोडता आली नाही. ही दोन्ही चरित्रे आमच्या मुलांनी वाचावीत. परंतु बिकिला यांची गोष्ट सांगणारे बहुधा रोमलाच थांबतात. चार वर्षांनी टोकियोला, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ते पुन्हा जिंकले, वेळ तीन मिनिटांनी सुधारली, आणि तेव्हा त्यांच्या पायात बूट होते. मार्ग निराळा, हवा निराळी, म्हणून श्रेय बुटांना देता येणार नाही. पण अनवाणी असणे हे त्यांच्या थोरवीचे कारण नव्हते, एवढे त्यातून नक्की दिसते.

२००९ नंतरच्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांत अनवाणी धावण्याची मोठी लाट आली. पातळ रबराचे, बोटाबोटांचे पायमोजे वाटावेत असे बूट खपले. अशा बुटांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या १९ धावपटूंची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील दहा जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. उलट बाजूलाही सावधगिरीची खूण आहे: कार्बन-पट्टीचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायांतील हाडांना झालेल्या इजांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये आली. पाच म्हणजे थोडेच. पण वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या पायांवर कोणताही बदल एकदम लादू नये, हे समजण्यास तेवढे पुरेसे आहे.

आमचा अनवाणी पक्षाला असलेला विरोध मात्र केवळ हाडांपुरता नाही. पाश्चात्त्य धावपटूने शंभर बुटांतून अनवाणीपणा निवडला. आमच्या आजोबा-आज्यांनी तो निवडला नव्हता. वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, हे आमच्या घरांत सांगितले गेलेले आहे. ज्या हातांनी गावाच्या वहाणा शिवल्या, त्याच घरातील पायांना त्या घालून गल्लीतून जाण्याची मुभा नव्हती. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आम्ही लहानपणी ऐकली, तेव्हा ती वहाणेविषयी नाही, माणसांविषयी आहे, हे समजायला आम्हांस वेळ लागला नाही. म्हणून शाळेत पहिल्यांदा मिळालेले कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट आम्ही पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री खडूने घासून पांढरेशुभ्र करत असू, तो केवळ स्वच्छतेचा संस्कार नव्हता. त्या बुटांचा तळवा कडक होता, धावायला ते निरुपयोगी होते, आणि तरीही ते आम्हांस अत्यंत प्रिय होते. मुलाच्या पायात बूट असणे याला आमच्याकडे एक इतिहास आहे. तो निसर्गाच्या नावाखाली पुसू नये.

येथे विनयपिटकातील सोण कोळीविसाची कथा आठवते. वंदनेनंतरच्या प्रवचनात ती आपण सर्वांनी ऐकली आहे. चंपा नगरीच्या धनाढ्य घराण्यातील हा तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात चंक्रमण करताना त्याने इतका अट्टाहास केला की तळवे फुटून वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचे उदाहरण दिले: तार अति ताणली तरी वाजत नाही, अति सैल सोडली तरी वाजत नाही. कथेचा एवढा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. त्यापुढचा भाग पादत्राणांचा आहे. भगवंतांनी त्याला एका पदराच्या तळव्याची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणांत अडकलो, असे लोक म्हणतील. संघाला ही अनुज्ञा मिळत असेल तरच मी ती स्वीकारीन. आणि ती सर्व भिक्षूंना मिळाली.

या कथेतून बुटांविषयी शास्त्रीय निष्कर्ष काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निधीचा प्रश्न सोडवताना सोणाची ती अट आम्हा सहाजणांना एकाच वेळी पटली. रक्ताळलेल्या पायांनी चालणे यात पुण्य नाही. आणि एकट्यालाच मिळणारी वहाण घेण्यात संकोच वाटावा, हे योग्यच आहे. गुणवंत-सहा पक्षाने आपला आग्रह त्या संध्याकाळी सोडला. अनवाणी पक्षाच्या मित्राने एवढेच मागितले की आठवड्यातून एकदा मुलांनी हिरवळीवर थोडे अनवाणी खेळावे. ते आम्ही आनंदाने मान्य केले.

म्हणून ३८ जोड. प्रत्येकाला सरावाचा, फार जड नसलेला, मापात बसणारा बूट; त्यास ९५,००० रुपये लागतील. हौशी धावपटूच्या बुटाचे पहिले काम मिनिट वाचवणे हे नाही. आज धावलेल्या पायाला उद्या पुन्हा मैदानावर आणणे हे आहे. शर्यतीतील एक टक्का बुटातून मिळेल. वर्षभर न दुखावता केलेल्या सरावातून त्याच्या कितीतरी पट मिळते.

उरले २५,००० रुपये. त्यांविषयी आमच्यात पुन्हा मतभेद झाला, आणि तो सोपा नव्हता. आपल्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी आज महाविद्यालयात आहे. रस्त्यावरील दहा किलोमीटर ती ३८ मिनिटांत धावते. म्हणजे ताशी पावणेसोळा किलोमीटर. शर्यतींतून मिळणाऱ्या बक्षिसांवर तिच्या खाणावळीचा खर्च चालतो. तिच्यापुढे येणाऱ्या मुलींच्या पायांत ते बूट आहेत. तिच्या पायात सरावाचेच आहेत. ज्या वेगाला या बुटांचा उपयोग दिसून आला, त्या वेगाने ती धावते. ऊर्जेतील सगळी बचत वेळात उतरत नाही; तरी दोन टक्के उतरले, तर तिची पाऊण मिनिटे वाचतात. आमच्या पाऊण मिनिटाने काहीच बदलत नाही. तिच्या पाऊण मिनिटात पाचवा क्रमांक आणि तिसरा क्रमांक यांतील अंतर आहे, आणि पाचव्या क्रमांकाला बहुधा बक्षीस नसते.

सर्वांना समान द्यायचे ठरवल्यावर एकीला वेगळे देणे हे सोणाच्या अटीत बसते का, असा प्रश्न आमच्यातील परिचारिकेने विचारला. उत्तरही तिनेच दिले. रुग्णालयात प्रत्येकाला खाट मिळते. प्राणवायूची नळी ज्याला लागते त्याला मिळते, आणि त्यामुळे इतरांची खाट काढून घेतली जात नाही. ३८ जोड आधी, एक जोड नंतर, या क्रमाने दोन्ही गोष्टी टिकतात. क्रम उलटला असता तर दोन्ही बिघडल्या असत्या. तो जोड आम्ही तिला देणार आहोत. सरावासाठी नव्हे, शर्यतीच्या दिवसासाठी, आणि अंगवळणी पाडण्यासाठी काही मोजक्या धावांपुरता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांच्या पायांची मापे घेण्यास आम्ही येणार आहोत. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. दोन्ही पायांचे घ्यावे आणि मोठ्या पायाला प्रमाण मानावे. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी. पाच ते आठशे किलोमीटरनंतर बहुतेक बुटांचा तळवा बसतो, आणि त्याआधीच वाढत्या वयाची बोटे पुढे टेकू लागतात. तेव्हा हा खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा आहे. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकण्याचे आम्ही सहाजणांनी ठरवले आहे. ही स्मरणिका वाचणाऱ्या इतर तुकड्यांतील बंधू-भगिनींपैकी ज्यांना त्यात भर घालावीशी वाटेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. ज्यांच्या घरी वीस हजारांचा जोड आधीच आला आहे, त्यांनी तो आनंदाने घालावा. मांड्या खरोखरच कमी ठणकतात. आमच्या मित्राचा तो जोड मात्र आता आमच्यापैकी कोणी घालत नाही. त्याची मुलगी यंदा नववीत आहे, आणि तिच्या पायाचा नंबर त्याच्या नंबराला येऊन पोहोचतो आहे.